बेकारीची शक्यता आणि घरातील रोकड : मुंबई उपनगरांतील पगारदार कुटुंबांच्या संदर्भात

पगारदार कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा अंदाज बांधताना त्याचे मासिक उत्पन्न आणि त्याची मालमत्ता ह्या दोन आकड्यांकडे पाहण्याची रीत आहे. नोकरी चालू आहे तोवर ही रीत पुरेशी पडते. नोकरी सुटली म्हणजे पहिला आकडा एकाएकी शून्यावर येतो, आणि दुसरा आकडा कितीही मोठा असला तरी तो पहिल्याची जागा घेईलच असे नाही. मुलुंडला दोन खोल्यांचे स्वतःचे घर आहे, भविष्यनिर्वाह निधीत वीस वर्षांची वर्गणी साठलेली आहे, आणि तरीही पुढल्या महिन्याच्या पाच तारखेस बँकेचा हप्ता कोठून भरावयाचा हे ठाऊक नाही, अशी स्थिती मुळीच असंभाव्य नव्हे. अशा कुटुंबाला निर्धन म्हणता येत नाही. त्याच्यापाशी उणीव असते ती संपत्तीची नव्हे, तर रोकडीची. नोकरी जाण्याच्या शक्यतेस तोंड देण्याची आर्थिक तयारी हा मुख्यतः धनसंचयाचा प्रश्न नसून कोणती रक्कम कोणत्या तारखेला हाती येईल ह्याचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

अर्थशास्त्राला हा विचार नवा नाही. माणसे पैसा रोख का बाळगतात ह्याची तीन कारणे केन्स यांनी १९३६ साली सांगितली : दैनंदिन व्यवहार, सावधगिरी आणि सट्टा. ह्यांपैकी तिसऱ्या कारणावर व्याजदराचा सिद्धांत उभा असल्यामुळे पाठ्यपुस्तकांतून त्याचीच चर्चा फार होते. सावधगिरीची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. पुढे १९५७ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी कायम उत्पन्नाचा सिद्धांत मांडला. उत्पन्नातील तात्पुरत्या घटीमुळे कुटुंब आपला उपभोग फारसा कमी करीत नाही, कारण ते साठ्यातून खर्च करते किंवा उसनवारी करते, असे त्याचे सार सांगता येईल. ह्यातील उसनवारीचा भाग अंधेरी–बोरिवलीच्या पगारदाराला लावून पाहता अडचण लगेच ध्यानी येते. येथील बँका व्यक्तिगत कर्ज देतात ते पगारपत्रक पाहून. ज्या दिवशी कर्जाची गरज उत्पन्न होते त्याच दिवशी कर्ज मिळण्याची पात्रता संपते. मग उरतो तो साठा. आणि साठा म्हणजे काय, ह्याचे उत्तर मुंबईत गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेले आहे.

गिरणगावचा साठा आणि उपनगरांचा साठा

मुंबईच्या कामगार कुटुंबांची बचत थोडी व कर्ज फार, ही गोष्ट जुनी आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१–२२ मध्ये केलेल्या कौटुंबिक अंदाजपत्रकांच्या पाहणीत जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले होते. तरीसुद्धा दीर्घ बेकारीत तग धरण्याची एक व्यवस्था गिरणगावापाशी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. (सामंत मूळचे गिरणगावचे नव्हेत, घाटकोपरला वैद्यकीय व्यवसाय करीत असताना तेथील दगडखाणींतील कामगारांच्या प्रश्नांतून ते कामगार चळवळीत आले.) संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि वर्ष उलटले तरी बहुसंख्य कामगारांना पगार मिळाला नव्हता. एवढा काळ माणसे टिकली कशी? कोकणातील व घाटावरील हजारो कामगार सरळ गावी परतले. तेथे घर होते, थोडीबहुत शेती होती, भात किंवा ज्वारी होती. मुंबईत जे राहिले त्यांना खोलीचे भाडे जुन्या दराचे व अत्यल्प होते. वाण्याची उधारी होती. आणि अखेर बायकांच्या अंगावरील सोने व घरातील तांब्यापितळेची भांडी होती. ह्या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यापायी मुलांची शिक्षणे तुटली, दागिने गेले ते गेलेच, आणि पुष्कळांना पुढे पहारेकऱ्याचे किंवा भाजी विकण्याचे काम पत्करावे लागले. परंतु त्या कुटुंबांचा अटळ मासिक खर्च फार थोडा होता, आणि त्यातील बराच भाग मुंबईबाहेर हलविता येत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उपनगरांची घडण निराळी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात कुर्ल्यापासून घाटकोपर, विक्रोळी, भांडुपवरून मुलुंडच्या नाक्यापर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांनी यांत्रिकी व औषधांचे कारखाने उभे राहिले. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत व १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र आले. ह्या कारखान्यांतील पगार गिरण्यांहून चांगले होते. त्या पगारांवर सहकारी गृहनिर्माण संस्थांतील घरे झाली, मुले इंग्रजी शाळांत गेली, आणि गावच्या जमिनीचा हिस्सा भावाच्या नावे राहिला. नंतर ह्यांतील अनेक कारखाने बंद झाले; त्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि उंच गृहसंकुले आली. विलेपार्ल्याचा १९२९ पासून चाललेला पारले बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये थांबला, तेव्हा रेल्वेने जाणाऱ्यांना रोज येणारा गोड वास बंद झाल्याची हळहळ वृत्तपत्रांतून पुष्कळ व्यक्त झाली. आत काम करणाऱ्यांच्या हिशेबाची चर्चा त्या मानाने थोडी झाली. आजचे उपनगरी कुटुंब संपत्तीने त्याच्या आधीच्या पिढीहून कितीतरी संपन्न आहे. पण त्याचा खर्च हप्त्यांनी जखडलेला आहे, आणि तो गावी नेता येत नाही.

अनिश्चितता कोठून येईल ह्याचाही नेम नसतो. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळून मुंबईची सट्टेबाजी एका रात्रीत उतरली, हे इतिहासात वाचलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातकर लावला, तेव्हा सीप्झमधील दागिने घडविणाऱ्या कारागिरांच्या पोटावर तीच दूरची घटना येऊन पडली. कारागिराच्या कौशल्यात वा उद्योगात त्या महिन्यात काही उणे झालेले नव्हते.

कायद्याने मिळणाऱ्या रकमा व त्यांच्या तारखा

नोकरी गेलीच तर कायद्याने काय मिळते, ह्याची माहिती पगारदारांत आश्चर्य वाटण्याइतकी अपुरी असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये घातलेल्या प्रकरणाने कामगार कपातीची भरपाई ठरली : एक महिन्याची पूर्वसूचना अथवा तिच्याऐवजी पगार, आणि सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत हे प्रमाण कायम आहे. मात्र ते कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारासाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येत येत नाही. देखरेखीचे काम करणाराही दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेत असेल तर वगळला जातो. अंधेरीच्या काचेच्या इमारतींतून काम करणाऱ्या, हुद्द्यात व्यवस्थापक हा शब्द असलेल्या तरुणाच्या हाती पुष्कळदा नेमणूकपत्रातील पूर्वसूचनेचे कलम तेवढे असते. ते कलम एक महिन्याचे आहे की तीन महिन्यांचे, हे त्याने नोकरी स्वीकारताना पाहिलेले असतेच असे नाही.

उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, १९७२ चा कायदा अधिक व्यापक होता, आणि सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचे सूत्र तसेच आले आहे. अखेरच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावयाचे, व सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावयाचे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील आणि बारा वर्षे सेवा झाली असेल, तर १,८०,००० रुपये येतात. पाच वर्षांची अट आहे. ठराविक मुदतीच्या नोकरांना नव्या संहितेने एका वर्षानंतर प्रमाणशीर हक्क दिला आहे. रक्कम तीस दिवसांत द्यावयाची असते. भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत २०१८ पासून असा नियम होता की, बेकारीचा एक महिना झाल्यावर ७५ टक्के व दोन महिन्यांनंतर उरलेली रक्कम काढता यावी. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ह्यात बदल ठरविला : ७५ टक्के रक्कम ताबडतोब, आणि बाकीची बारा महिन्यांच्या बेकारीनंतर. वृद्धापकाळासाठी काही शिल्लक राहावी हा त्यातील हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याने आपला सर्व निधी संकटकाळचा म्हणून गृहीत धरला होता त्याचा हिशेब एक चतुर्थांशाने चुकतो. शिवाय दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीचे खाते जोडलेले नसणे, नावातील एका अक्षराचा फरक, जन्मतारखेची तफावत अशा कारणांनी दावे परत येतात, आणि हे दोष दुरुस्त करण्यास काही बाबतींत पूर्वीच्या मालकाची संमती लागते. तो मालक जागेवर असतो तेव्हाच ही दुरुस्ती सोपी असते. तयारीचा हा सर्वांत स्वस्त भाग म्हणावा लागेल. त्यास एक सुटीचा दिवस पुरतो, आणि बहुतेक लोक तोच टाळतात.

बेकारीचा विमा असा आपल्याकडे जवळजवळ नाही. प्रा. बी. पी. आदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. त्यात आजारपण, बाळंतपण व अपघात आले, बेकारी आली नाही. २००५ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये ह्या विम्याखालील कामगारांसाठी बेकारी साहाय्याच्या योजना निघाल्या. दुसऱ्या योजनेतील साहाय्य २०२० मध्ये सरासरी वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले, आणि तेही जास्तीत जास्त नव्वद दिवस व आयुष्यात एकदाच. २०१७ पासून ह्या विम्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये असल्यामुळे मुलुंड–बोरिवलीत स्वतःच्या घराचा हप्ता भरणारा पगारदार बहुधा तिच्या बाहेरच असतो.

कर्जाच्या बाजूचे वेळापत्रक मात्र काटेकोर आहे. हप्ता नव्वद दिवस थकला की ते कर्ज बँकेच्या दप्तरी अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या प्रतिभूती कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँकेस घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागता येते. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून साधारणतः पाच महिने. २०२० च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची जी सवलत दिली व ऑगस्टअखेर वाढविली, ती अपवादात्मक होती. आणि त्या काळातही व्याज चालूच होते.

एका विमानकंपनीचे उदाहरण

कायद्यातील तारखा आणि प्रत्यक्षातील तारखा ह्यांत किती अंतर पडू शकते, हे जेट एअरवेजच्या उदाहरणावरून कळते. मुख्य कार्यालय अंधेरी पूर्वेस असलेल्या ह्या कंपनीचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईस आले. पण पगाराचे संकट त्या रात्री सुरू झाले नव्हते. वैमानिक, अभियंते व वरिष्ठ अधिकारी ह्यांचे पगार त्यापूर्वी काही महिने रखडत, तुकड्यातुकड्यांनी होत होते, आणि मार्चचा पगार तर सर्वांचाच राहिला. ज्यांनी काही साठविले होते त्यांच्या साठ्याला नोकरी अधिकृतपणे जाण्यापूर्वीच ओहोटी लागली होती. बेकारीचा पहिला महिना पगारपत्रकावरील तारखेने मोजता येत नाही, हा ह्या प्रकरणाचा पहिला धडा.

२० जून २०१९ रोजी कंपनीविरुद्ध नादारीची कार्यवाही मुंबईच्या न्यायाधिकरणात दाखल करून घेण्यात आली. जून २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. थकलेला भविष्यनिर्वाह निधी व उपदान पूर्ण द्यावे, असा आदेश अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला. योजना काही उभी राहिली नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. २०१६ च्या नादारी संहितेने कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणधारक ऋणकोंच्या नव्हे, धनकोंच्या बरोबरीस ठेवली आहेत, व निधी आणि उपदान कंपनीच्या मालमत्तेबाहेर मानले आहे. कायदा कर्मचाऱ्यांच्या बाजूने उणा नाही. तथापि हक्क सिद्ध होण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. तीस दिवसांत मिळावयाच्या रकमेवर विसंबून ज्याने तीन महिन्यांचीच बेगमी केली, त्याची तयारी कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे बिनचूक आणि व्यवहारात निरुपयोगी ठरली.

एकाच आधारावर टेकलेली बचत

पगारदार कुटुंबांची बचत कोठे असते ते पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. मुंबईतील बहुतेक जुन्या आस्थापनांत नोकरांची सहकारी पतसंस्था असते. दरमहा पगारातून वर्गणी कापली जाते, भागभांडवल साठते, लाभांश मिळतो, आणि मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या डागडुजीला दोन सहकाऱ्यांच्या जामिनावर कर्ज मिळते. सावकाराच्या पाशातून नोकरवर्गाला सोडविण्याचे मोठे काम ह्या संस्थांनी केले आहे. तिची सारी भक्कमता पगारातून होणाऱ्या कपातीवर असते. एकटा सभासद नोकरीतून गेला तर संस्था त्याच्या भागातून व देण्यांतून कर्ज वळते करून घेते, आणि कमी पडल्यास जामीनदारांकडे वळते. पण आस्थापनाच बंद पडले तर सर्वांची कपात एकाच महिन्यात थांबते. कर्जदार आणि जामीनदार एकाच वेळी बेकार होतात. आणि ज्यांच्या ठेवी आहेत त्या सर्वांना त्या एकाच वेळी हव्या असतात. वीस वर्षे निर्धोक असलेली संस्था नेमक्या त्याच प्रसंगी दुबळी होते ज्यासाठी सभासदाने तिच्यात पैसे ठेवले होते.

मालकाने दिलेले गृहकर्ज, कंपनीचे भाग, कंपनीच्या वसाहतीतील घर, आणि कंपनीने काढलेला वैद्यकीय विमा ह्यांचीही हीच गत आहे. पतिपत्नी दोघेही एकाच कंपनीत असतील तर घरात दोन उत्पन्ने आहेत असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. ह्यांत वैद्यकीय विम्याची गोष्ट विशेष दुर्लक्षित राहते. सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र विमा घ्यावा तर अंगी असलेल्या विकारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह असलेल्या माणसाने हा विमा नोकरी असतानाच घेतला तर तो वेळेवर उपयोगी पडेल, एरवी नाही.

बँकेतील ठेवीसुद्धा ह्या विचारातून सुटत नाहीत. भांडुपला मुख्य कार्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि प्रत्येक खातेदारास सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत नोव्हेंबरात ५०,००० व पुढील जूनमध्ये एक लाख झाली. जेटची नोकरी एप्रिलमध्ये गेली आणि जमा ठेव सप्टेंबरात अडकली, अशा दुहेरी आघाताची वार्ता त्या ऑक्टोबरात वृत्तपत्रांतून आली. बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत विभागण्यात आली. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाची पाच लाख झाली आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याचे बंधन आले. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ह्या तरतुदीचा ठेवीदारांना आधार वाटला, हे खरे. पण बेकार घराला नव्वद दिवस म्हणजे तीन हप्ते. म्हणून संकटकाळची रोकड दोन बँकांत विभागणे, आणि त्यांतील एक तरी पगाराच्या बँकेहून व गृहकर्जाच्या बँकेहून निराळी असणे, ही अतिदक्षता नव्हे. कर्ज आणि ठेव एकाच बँकेत असली म्हणजे थकलेला हप्ता ठेवीतून वळता होण्याचीही शक्यता असते.

किती, आणि कोठे

सहा महिन्यांचा पगार शिल्लक असावा, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. त्यात पगार हा शब्द चुकीचा आहे. मोजावयाचा तो अटळ खर्च. उदाहरणादाखल बोरिवलीतील एक कुटुंब घेऊ : हाती येणारा पगार एक लाख, ४० लाखांचे गृहकर्ज, ९ टक्क्यांनी, वीस वर्षांचे, म्हणजे हप्ता सुमारे ३६,०००, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी ४,०००, किराणा, दूध व गॅस १५,०००, वीज व दूरध्वनी ३,०००, शिक्षण ७,०००, वृद्धांची औषधे ५,०००, विम्याचे हप्ते ३,०००, प्रवास २,०००. एकूण ७५,०००. सहा महिन्यांचे साडेचार लाख होतात. घरात दुसऱ्या, निराळ्या क्षेत्रातील नोकरीचे ३०,००० येत असतील तर महिन्याची तूट ४५,००० व सहा महिन्यांची गरज २,७०,००० एवढीच उरते. दुसऱ्या उत्पन्नाचे मोल त्याच्या आकड्याहून अधिक असते ते ह्या अर्थाने. सहा हा आकडाही पवित्र नाही. पंचविशीतल्या माणसाला तो अधिक होईल, पन्नाशीतल्याला अपुरा पडेल. आणि पुढील नोकरी पूर्वीच्याच पगाराची असेल हे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

मराठी मध्यमवर्गीय नीतीत कर्ज हे ओझे मानले जाते आणि हाती आलेली रक्कम कर्जात भरून मोकळे होण्याकडे ओढा असतो. ह्या प्रवृत्तीचा येथे विशेष विचार केला पाहिजे, कारण ती सद्गुणाच्या रूपाने येते. वरील कुटुंबाने कर्जाच्या आरंभीच तीन लाख रुपये जादा भरले तर मुदत सुमारे साडेतीन वर्षांनी कमी होते व एकंदरीत बारा लाखांच्या आसपास व्याज वाचते. हा लाभ लहान नाही. परंतु बँका सर्वसाधारणतः मुदत घटवितात, हप्ता तसाच ठेवतात. पुढील महिन्यात नोकरी गेली तर ३६,००० चा हप्ता पूर्ववत देय असतो, आणि भरलेले तीन लाख बँक परत करीत नाही. तेच तीन लाख ठेवीत असते तर आठ हप्ते निघाले असते. व्याजाच्या गणितात जो व्यवहार सरस आहे तो कालाच्या गणितात निकृष्ट ठरतो. म्हणून पाच-सहा महिन्यांची रोकड बाजूला पडेपर्यंत मुदतपूर्व फेड थांबविणे इष्ट, आणि त्यानंतर ती खुशाल करावी. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याची पारंपरिक पॉलिसी, भूखंड ह्यांनाही हीच कसोटी लावावी : आठ दिवसांत ह्यातून पैसे निघतील काय, आणि निघताना किती झीज होईल? सोन्याच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय गृहिणीला पुष्कळ दूषणे दिली आहेत, पण ह्या कसोटीला सोने बऱ्यापैकी उतरते. ते गहाण पडते, विकावे लागत नाही, आणि त्यासाठी पगारपत्रक लागत नाही.

हे सारे ज्याच्या पगारातून काही उरते त्याच्यासाठी झाले. मरोळच्या गाळ्यांतून कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या स्त्रीला बारा तासांच्या पाळीनंतर जे मिळते त्यात सहा महिन्यांची बेगमी सांगणे ही क्रूर थट्टा होईल. तिच्यापाशी भिशी असते. दहाबारा जणी दरमहा ठराविक रक्कम घालतात व एकीला सर्व मिळते. अडल्यानडल्या बाईला चिठ्ठी न टाकता आधी द्यावयाचे, हा अलिखित संकेत अनेक भिश्यांतून पाळला जातो. रूढ अर्थाने ही बचत आहे, कार्याने तो विमा आहे. मात्र दहाही जणी एकाच गाळ्यात कामाला असतील तर तिलाही पतसंस्थेचाच दोष लागतो, आणि जाणत्या बायका हे ओळखून भिशी शेजाराची करतात, कामाच्या ठिकाणची करीत नाहीत.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी एक निधी सांगितला आहे : मालकाने पंधरा दिवसांचे वेतन त्यात भरावयाचे, व पंचेचाळीस दिवसांत ते कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाचे. वरील उदाहरणातील खर्चाशी ताडून पाहता पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे एक हप्ता व थोडा किराणा. ह्या व अशा तरतुदींचा घराला प्रत्यक्ष किती आधार होतो हे तपासण्याचे साधन उपनगरांतच पडून आहे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या पतसंस्थांची खतावणी, तीतील कर्जाची कारणे, फेडीच्या तारखा आणि जामीनदारांकडून झालेली वसुली ह्यांवरून नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा महिनेवार इतिहास लिहिता येईल. अशा अनेक संस्था आता अवसायनात आहेत, आणि त्यांची दप्तरे फार वर्षे राहण्याची शाश्वती नाही.